नोटरी केली म्हणजे फर्म रजिस्टर झाली असं नाही

भांडुपच्या एका वाचकांनी विचारलंय की ते आणि त्यांचा मेव्हणा मिळून रंगकामाची कामं घेतात, आता धंदा कायदेशीर करायचाय तर जीएसटी घेऊ की प्रायव्हेट लिमिटेड करू. आणि जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिलंय की मुलुंडच्या एका सोसायटीने बाहेरून रंगकाम केल्याचे 2 लाख 40 हजार अडकवलेत, काम संपून अडीच वर्षं झाली. अशी पत्रं सारखी येतात आणि खरं दुखणं नेहमी शेवटच्या ओळीतच असतं.

अहो, स्टॅम्प पेपरवर भागीदारीचा करारनामा करून नोटरी केलीत, फर्मचं पॅन काढलंत, करंट अकाउंट उघडलंत, गुमास्ता (दुकान-धंद्याचा परवाना) पण आहे, म्हणून फर्म रजिस्टर आहे असं धरून चाललात. नाहीये. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंद झाली तरच ती रजिस्टर. भागीदारी कायदा 1932 चं कलम 69 वाचा, नोंद नसलेल्या फर्मला कराराचे पैसे मागायला बाहेरच्यावर दावा लावताच येत नाही, सोसायटी मात्र तुमच्यावर लावू शकते! आधी दावा टाकू, नोंदणी मागून करू असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, दावा दाखल होतो त्या दिवशी नोंद हवी आणि त्यात तुमची दोघांची नावं हवीत, नाहीतर कोर्टात वर्षानुवर्षं तारखा पडणार आणि शेवटी या एका मुद्द्यावर दावा जाणार.

आणि दावा लावायची मुदत काम संपल्यापासून तीन वर्षांची. म्हणजे हातात जेमतेम सहा महिने, त्यात नोंदणी आणि दावा दोन्ही. नुसत्या वकिलाच्या नोटिशीने मुदत थांबत नाही. सेक्रेटरीचं व्हॉट्सॲपवरचं 'पुढच्या मीटिंगला बघू' यावर अडीच वर्षं काढलीत याचा मला खरंच राग येतो. मुदत संपायच्या आत सोसायटीने सहीनिशी बाकी कबूल केली किंवा चेकने थोडे पैसे दिले तर तिथून नवी तीन वर्षं मिळतात, तेवढ्यासाठी उद्याच जाऊन पत्र मागा. मेजरमेंट शीटवर (झालेल्या कामाच्या मोजमापाचा कागद) त्यांच्या इंजिनियरची सही असेल तर ती ओरिजिनल जपा, वर्क ऑर्डर लेखी असेल तर समरी सूट (लेखी कागदावरून लवकर निकाल लागणारा दावा) बसेल कदाचित, कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

बाकीचं थोडक्यात. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या खाली असेल तर जीएसटी साधारणपणे लागत नाही. उद्यम (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, काढून ठेवा, पण मागच्या कामाला त्याचा फायदा मिळेल या भरवशावर राहू नका, शिवाय मालासकट रंगकाम त्यात बसतं का यावर कोर्टात वाद आहेत. प्रायव्हेट लिमिटेडचा खर्च एवढ्या धंद्याला मला तरी पटत नाही. इमारतीबाहेर रंगवायला झुल्यावर माणसं चढवता तर त्यांचा विमा मात्र आधी काढा.

सोमवारी करारनामा आणि दोघांची ओळखपत्रं घेऊन नोंदणीचा अर्ज भरा, उशिराचा दंड पडला तर भरून टाका.