कमांड आधी, मोठे विमान नंतर : प्रादेशिक वैमानिकांचे प्रश्न

प्रादेशिक विमान कंपन्यांत काम करणाऱ्या वैमानिकांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची व त्यांच्या कंपन्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी सत्तावीस वर्षांचा असून तीन वर्षांपासून एका प्रादेशिक कंपनीत एटीआर ७२ विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. माझे एकूण उड्डाण सुमारे १,८०० तासांचे झाले आहे. एका मोठ्या कंपनीने एअरबस ए३२० वर फर्स्ट ऑफिसर म्हणून बोलावले आहे. आमच्याकडे मात्र वर्षभरात कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळेल, असे सांगितले जाते. प्रशिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. आत्ता जावे की थांबावे? – एक फर्स्ट ऑफिसर, जळगाव

उत्तर : तुमची कंपनी पगार वेळेवर देत असेल आणि तिच्या ताफ्यातील विमाने कमी होत नसतील, तर थांबावे आणि कमांड घेऊनच पुढचा विचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

डाव्या आसनावर बसून, विमानाची संपूर्ण जबाबदारी स्वतःच्या सहीने घेऊन केलेले उड्डाणाचे तास ही प्रादेशिक सेवेने तरुण वैमानिकाला देण्यासारखी सर्वांत मौल्यवान गोष्ट आहे. मोठ्या कंपनीत तुमच्या पुढे शेकडो फर्स्ट ऑफिसर रांगेत असतात आणि कमांड कधी मिळणार हे तुमच्या कौशल्याइतकेच सेवाज्येष्ठतेवर व नवी विमाने केव्हा येतात यावर ठरते. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवली, हे खरे आहे. मात्र मागणी नोंदवणे आणि विमान प्रत्यक्ष धावपट्टीवर उभे राहणे यांत वर्षांचे अंतर पडते, आणि त्याच काळात प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांतील दोषांमुळे इंडिगोची कित्येक विमाने जमिनीवर उभी राहिली होती. ताफा वाढायचा थांबला की अपग्रेडची, म्हणजे कॅप्टनपदी बढतीची, रांगही थांबते. लहान कंपनीत ही रांग मुळातच आखूड असते.

कमांडसाठी लागणाऱ्या गोष्टींपैकी तुमच्या हातात असलेली गोष्ट आधी पूर्ण करा. भारतात ५,७०० किलोपेक्षा जास्त वजनाच्या विमानाचा कमांडर होण्यासाठी एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट परवाना, म्हणजे ज्याला सगळे एटीपीएल म्हणतात तो, असावा लागतो. त्याला किमान वय २१ आणि किमान १,५०० तासांचे उड्डाण लागते. शिवाय स्वतःच्या कमांडखालील, रात्रीच्या आणि केवळ उपकरणांच्या आधारे केलेल्या उड्डाणाच्या तासांच्या अटी वेगळ्या असतात. नेव्हिगेशन, रेडिओ एड्स अँड इन्स्ट्रुमेंट्स आणि हवामानशास्त्र या लेखी परीक्षा तुम्ही अजून दिलेल्या नसतील तर त्यांना आजच हात घाला. तास भरलेले आहेत, कंपनीत जागाही निघाली आहे, पण एक पेपर राहिल्यामुळे सहकारी पुढे गेला, ही परिस्थिती टाळता येण्यासारखी असूनही वारंवार उद्भवते.

आता थांबण्यातील धोका. प्रादेशिक मार्गांचे अर्थकारण नाजूक असते, आणि वैमानिकाने ते प्रवाशापेक्षा अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. प्रादेशिक हवाई सेवेसाठीच्या सरकारी उडान योजनेखाली कंपनीला मिळणारा तूट भरून देणारा निधी सामान्यतः तीन वर्षांचा असतो. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधील अहवालानुसार वाटप झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नव्हते आणि मार्च २०२३ पर्यंत केवळ ५४ मार्ग हा सवलतीचा काळ संपल्यावरही टिकून होते. २७ एप्रिल २०१७ रोजी, योजनेच्या पहिल्याच दिवशी, नांदेड–हैदराबाद मार्गावर उड्डाण करणारी ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली. म्हणून तुमच्या कंपनीच्या किती मार्गांचा निधी येत्या वर्षात संपतो, भाडेपट्ट्यावरची विमाने परत जात आहेत का, सुट्या भागांअभावी एखादे विमान महिनोन्‌महिने हँगरमध्ये पडून आहे का, भविष्य निर्वाह निधीची रक्कम खात्यात वेळेवर जमा होते का, याची माहिती काढा. यातल्या दोन-तीन गोष्टींचे उत्तर वाईट आले, तर कमांडच्या आश्वासनाला किंमत देऊ नका आणि एअरबसचे बोलावणे स्वीकारा.

आणखी एक बाब अनेकांच्या लक्षात उशिरा येते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची, तर कमांडरला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. कमांड स्वीकारताना तुम्ही आपली मोकळीकही काही प्रमाणात गहाण टाकता. कमांड अपग्रेडच्या प्रशिक्षणासाठी नवा बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, मागितला जात असेल, तर त्याची मुदत आणि ही नोटीस एकत्र धरून तुमच्या हातून किती वर्षे जाणार आहेत, याचा हिशेब कागदावर मांडा. त्यानंतर कमांडर म्हणून साधारण हजार तास होईपर्यंत राहणे आम्हाला योग्य वाटते, कारण त्याहून कमी तासांना मोठ्या कंपन्यांच्या निवडीत फारसे वजन मिळत नाही.

पुढे ए३२० वर गेलात तर बहुधा पुन्हा उजव्या आसनावर बसावे लागेल आणि सेवाज्येष्ठता शून्यापासून सुरू होईल, याची मनाशी तयारी ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. कमांडरचा अनुभव असलेला फर्स्ट ऑफिसर अपग्रेडच्या मूल्यमापनात वेगळा उठून दिसतो. इंडिगोसारख्या कंपनीकडे डिसेंबर २०१७ पासून एटीआर आणि एअरबस असे दोन्ही ताफे आहेत. अशा ठिकाणी एटीआरवरच रुजू होऊन पुढे कंपनीच्या आतच ताफा बदलता येतो का, हेही विचारून पाहा.

प्रश्न : माझ्या मुलीने व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला असून तिची एका प्रादेशिक कंपनीत निवड झाली आहे. नातेवाईक म्हणतात, “पंख्याच्या विमानावर गेली की तिथेच अडकेल, त्यापेक्षा जेटची वाट पाहू दे.” आम्हाला यातले काही कळत नाही. कंपनीने बाँडचा मसुदा पाठवला आहे. काय करावे? – एक आई, अमरावती

उत्तर : वाट पाहू देऊ नका. परवान्यासाठी केलेले २०० तासांचे उड्डाण ताजे असते तेव्हाच त्याचा उपयोग असतो. घरी बसलेल्या नव्या वैमानिकाचा हात आणि आत्मविश्वास दोन्ही झपाट्याने उतरतात, आणि निवड समितीला लॉगबुकमधील रिकामे महिने लगेच दिसतात.

‘पंख्याचे विमान’ या शब्दांत जो कमीपणा आहे, त्याला वस्तुस्थितीचा आधार नाही. १६ एप्रिल २०२५ रोजी आपल्याच अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून प्रवासी सेवा सुरू झाली ती अलायन्स एअरच्या एटीआर ७२ विमानाने. सत्तरच्या आसपास प्रवासी वाहून नेणाऱ्या या विमानात जेटप्रमाणे वेग आपोआप सांभाळणारी ऑटोथ्रॉटल यंत्रणा नसते. ते जेटपेक्षा बरेच खालून, म्हणजे ढग, पाऊस आणि बर्फ साचण्याची शक्यता असलेल्या थरांतूनच प्रवास करते, आणि एका दिवसात चार-पाच वेळा उतरते. जुलै महिन्यात कोकण किनाऱ्यावर, आडव्या वाऱ्यात, मुसळधार पावसात धावपट्टी दिसते न दिसते अशा वेळी उतरायचे की परत फिरायचे, हा निर्णय कॅप्टनच्या शेजारी बसून शेकडो वेळा पाहिलेली मुलगी पुढे कोणत्याही विमानात डगमगत नाही. आंतरराष्ट्रीय मार्गांवर लांब पल्ल्याची विमाने चालवणाऱ्या तरुण वैमानिकाला महिन्याकाठी मोजकीच लँडिंग मिळतात. तिला मात्र ती एका आठवड्यात मिळतील.

नातेवाइकांच्या भीतीत एक खरा अंश आहे, तो लपवणे योग्य होणार नाही. काही कंपन्या भरतीच्या जाहिरातीत जेट विमानावरील तास वेगळे मागतात, आणि आखाती देशांतील काही मोठ्या कंपन्याही त्यांना महत्त्व देतात. एटीआरवर फर्स्ट ऑफिसर म्हणून सात-आठ वर्षे काढली, एटीपीएल घेतले नाही आणि कमांडही मिळाली नाही, तर पुढची दारे खरोखरच अरुंद होतात. त्याला विमान जबाबदार नसते, निर्णय लांबणीवर टाकण्याची सवय जबाबदार असते. प्रादेशिक म्हणजे नेहमी पंख्याचेच विमान असेही नाही. कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाची स्टार एअर २०१९ पासून एम्ब्राएर जेट चालवते, आणि त्यावरचे तास जेटचे तास म्हणून धरले जातात.

बाँडचा मसुदा सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा, आणि पुढील गोष्टी त्यात शब्दांत लिहिलेल्या आहेत का ते पाहा. टाइप रेटिंगचा, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याच्या पात्रतेचा, खर्च कोण करणार आणि तो किती धरला आहे; सेवा जसजशी पूर्ण होईल तसतशी बाँडची रक्कम कमी होत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच राहते; टाइप रेटिंग झाल्यावर मार्गावरील, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांतील, प्रशिक्षण किती दिवसांत सुरू होईल; आणि पगार थकला किंवा कंपनीनेच उड्डाणे थांबवली तर बाँड आपोआप रद्द होतो का. शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तेच बहुतेक मसुद्यांत नसते. ते घालून मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. तारीख न टाकलेले धनादेश मागितले जात असतील, तर ते देऊ नयेत.

मुलगी म्हणून वेगळी चिंता करण्याची गरज नाही. भारतातील वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, आणि ते जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे आहे. तिची सहाव्या महिन्याची सिम्युलेटर तपासणी पुरुष सहकाऱ्याच्याच निकषांवर होईल.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत एका प्रादेशिक विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर म्हणून नुकताच लागला आहे. तुम्ही भारतातील वैमानिकांना ‘कमांड आधी’ असे सांगता. तोच सल्ला इथे लागू पडतो का? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तिथे हिशेब वेगळा आहे. २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरच्या विमानाला झालेल्या अपघातानंतर नियम कडक झाले आणि २०१३ पासून अमेरिकेत प्रवासी विमानाच्या फर्स्ट ऑफिसरलाही एटीपी परवाना, म्हणजे सामान्यतः १,५०० तास, आवश्यक ठरले. विमानविद्येची मान्यताप्राप्त पदवी असणाऱ्यांना १,००० तासांची आणि लष्करी वैमानिकांना ७५० तासांची सवलत आहे. म्हणजे आपल्याकडे २०० तासांवर जे आसन मिळते, ते तिथे बराच काळ प्रशिक्षक म्हणून किंवा लहान विमानांवर काढल्यावर मिळते. त्यानंतर कॅप्टन होण्यासाठी विमान कंपनीतील आणखी १,००० तास लागतात.

परंतु मोठ्या कंपनीत रुजू झाल्याची तारीख हीच तिथे पुढच्या साऱ्या कारकिर्दीचा पाया असते. कोणते विमान, कोणता तळ, दिवाळीला सुटी मिळणार की नाही, कॅप्टन कधी होणार, हे सगळे त्या तारखेवरून मिळालेला क्रमांक ठरवतो. निवृत्तीचे वय ६५ असल्याने क्रमांक जितका लवकर मिळेल तितका त्याचा लाभ अधिक वर्षे मिळतो. म्हणून मुलाला मोठ्या कंपनीचे बोलावणे प्रादेशिक कमांडपूर्वी आले, तर त्याने ते स्वीकारावे.

एन्व्हॉय, पिडमाँट आणि पीएसए या अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या कंपन्यांत ज्येष्ठतेनुसार थेट मूळ कंपनीत जाण्याचा करार आहे, तर स्कायवेस्टसारख्या स्वतंत्र कंपनीतून स्वतः अर्ज करून जावे लागते. मुलगा यांपैकी कोणत्या प्रकारच्या कंपनीत आहे, हे पत्रात कळत नाही. करार असला तरी तो केवळ त्या एकाच दाराशी बसून राहू नये. मोठ्या कंपन्यांनी भरती मंद केली की करारातील प्रवाहही आटतो.

प्रश्न : मी ४६ वर्षांचा असून एटीआरवर कॅप्टन म्हणून माझे ५,००० हून अधिक तास झाले आहेत. आई-वडील वृद्ध आहेत, त्यामुळे गोवा सोडून दिल्ली किंवा दोह्याला जाण्याची माझी इच्छा नाही. माझी प्रगती आता संपली असे समजावे का? – एक कॅप्टन, म्हापसा

उत्तर : अजिबात नाही. मोठे विमान हीच प्रगती, ही समजूत या व्यवसायात फार खोल रुजली आहे, आणि तिच्यामुळे उत्तम शिक्षक होऊ शकणारे कॅप्टन आयुष्यभर स्वतःला मागे राहिलेले समजतात. आपल्यासाठी सर्वांत मोलाचा मार्ग प्रशिक्षणाचा आहे. मार्गावरील प्रशिक्षक कॅप्टन, मग टाइप रेटिंग इन्स्ट्रक्टर आणि त्यानंतर एग्झामिनर, म्हणजे परीक्षक, असा हा क्रम आहे. यातील प्रत्येक टप्प्यावर डीजीसीएची मान्यता लागते. अशी मान्यता असलेले एटीआर प्रशिक्षक देशात मोजकेच आहेत, आणि गोव्यातच मुख्यालय असलेल्या फ्लाय९१ ने मार्च २०२४ मध्ये एटीआर ७२-६०० घेऊन सेवा सुरू केल्यापासून गोव्यातील मोपा विमानतळावर या विमानाच्या अनुभवाला घराजवळच मागणी आहे. परीक्षक नसेल तर नव्या फर्स्ट ऑफिसरला मार्गावर सोडता येत नाही आणि जुन्याची कमांड रखडते, म्हणून लहान कंपनीत परीक्षकाच्या शब्दाला मोठे वजन असते.

दुसरा मार्ग व्यवस्थापनाचा आहे. उड्डाण संचालन, प्रशिक्षण आणि उड्डाण सुरक्षा या तिन्ही विभागांच्या प्रमुखपदांसाठी नियामकाला मान्य अशी व्यक्ती असणे बंधनकारक असते, आणि लहान कंपनीत ही पदे आपल्यासारख्या कॅप्टनच्या आवाक्यात असतात. तीन विभागांपैकी आम्ही सुरक्षेचा विभाग सुचवू. रोजच्या उड्डाणांची नोंद झालेली माहिती तपासून चुका अपघातात बदलण्याआधी ओळखण्याचे हे काम आहे. मोसमी पावसात कोकणात वर्षानुवर्षे उतरलेल्या माणसाने ते केले, तर त्याचा लाभ त्या कंपनीच्या प्रत्येक प्रवाशाला होतो. डीजीसीएसुद्धा फ्लाइट ऑपरेशन्स इन्स्पेक्टरची पदे कराराने भरते, मात्र त्यासाठी आपल्याला गोवा सोडावे लागण्याची शक्यता अधिक आहे.

कोणताही मार्ग निवडला तरी डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन प्रणालीवरील आपल्या लॉगबुकमधील सर्व तास कंपनीकडून प्रमाणित करून घ्या. जुन्या कंपनीतील तास राहिले असतील, तर ती कंपनी चालू आहे तोवरच ते काम उरकावे, कारण इन्स्ट्रक्टरच्या मान्यतेसाठी अर्ज करताना पहिली विचारणा त्याच तासांची होते.