घरे बांधणाऱ्या कुटुंबाचे डेटा सेंटर आणि तुमचे 50 लाख

सौ. वाचक भगिनींस सप्रेम नमस्कार.

जुळे सोलापूरहून आलेले तुमचे पत्र मिळाले. ते आकड्यांनिशी लिहिलेले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. इतर वाचकांसाठी त्यातला आवश्यक भाग आधी मांडतो. तुम्ही 61 वर्षांच्या आहात आणि यजमान 64 वर्षांचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना तुम्ही दोघांनी चालवला. त्याचे हिशेब तुमच्याकडे होते. गेल्या वर्षी माग आणि शेड विकली, कर भरला आणि 80 लाख रुपये हाती राहिले. घर स्वतःचे आहे, कर्ज नाही. नवी पेठेतल्या गाळ्याचे महिना 12 हजार भाडे येते आणि घरखर्च 45 हजारांच्या आसपास आहे. आता पुण्यातील तुमच्या चिरंजीवांच्या ओळखीच्या एका वितरकाने प्रस्ताव आणला आहे. तीन पिढ्या घरबांधणीत असलेले एक कुटुंब मुंबई परिसरात 150 मेगावॅट विजेवर चालणारे डेटा सेंटर संकुल, म्हणजे कंपन्यांचे सर्व्हर ठेवण्याच्या इमारती, उभारणार आहे. त्यासाठी मूळ कंपनी शेअर बाजारात न नोंदलेले कर्जरोखे, म्हणजे डिबेंचर, खासगीरीत्या विकत आहे. व्याज 13 टक्के, मुदत 5 वर्षे, मुद्दल आणि व्याज एकदम शेवटी. 80 पैकी 50 लाख त्यात गुंतवावेत का, असा तुमचा प्रश्न आहे.

50 लाख गुंतवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. फार तर 5 लाखांचा विचार करता येईल, तोही पुढे सांगितलेली कागदपत्रे हाती आल्यानंतर.

डेटा सेंटरची मागणी वाढणार की नाही, यावर मी वेळ घालवणार नाही, कारण ती वाढते आहे आणि तिचा मोठा वाटा मुंबई परिसरात येतो आहे. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार तिथेच आहेत आणि वीजपुरवठा तुलनेने भरवशाचा आहे. बांधकाम व्यवसायातील घराणी या क्षेत्रात उतरण्याचा प्रकारही नवा नाही. हिरानंदानी समूहाने योट्टा ही कंपनी काढून पनवेलला 2020 मध्ये पहिले केंद्र सुरू केले. लोढा समूहाने पलावा येथील जमिनीवर डेटा सेंटरचे उद्यान आखले असून तिथे ॲमेझॉनसारख्या कंपन्यांनी जमीन घेतली आहे. ही दोन नावे शिफारस म्हणून देत नाही. त्यांचे मार्ग वेगवेगळे आहेत, हे दाखवण्यासाठी देतो. एकाने जागा, इमारत, यंत्रणा आणि सेवा असे सगळे अंगावर घेतले. दुसऱ्याने जमीन आणि पायाभूत सोयी पुरवून यंत्रणेचा बराचसा खर्च येणाऱ्या कंपनीवर सोपवला. तुमच्या प्रस्तावातील कुटुंब यांपैकी कोणत्या मार्गाने जाणार आहे, हे तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात कुठेही लिहिलेले नाही. निळ्या उजेडातल्या सर्व्हरच्या रांगांची छायाचित्रे मात्र भरपूर आहेत.

हा तपशील महत्त्वाचा का आहे, ते सांगतो, कारण माझ्या मते सगळा धोका तिथेच आहे. घरे बांधणारा व्यावसायिक कितीही मोठा असला तरी तो बऱ्याच अंशी ग्राहकांच्या पैशावर बांधतो. बुकिंगची रक्कम येते, स्लॅब पडेल तसतसे हप्ते येतात आणि ताबा देईपर्यंत बहुतेक किंमत वसूल झालेली असते. डेटा सेंटरमध्ये हे चक्र उलटे फिरते. जमीन, 220 केव्हीचे उपकेंद्र, ट्रान्सफॉर्मर, बॅटऱ्या, डिझेल जनरेटर आणि शीतकरण यंत्रणा यांचा खर्च आधी करावा लागतो आणि तो भाड्यातून 10 ते 15 वर्षांत वसूल होतो. सर्व यंत्रणेसह एक मेगावॅट क्षमता उभारायला भारतात ढोबळमानाने 60 कोटी रुपयांच्या आसपास खर्च येतो. माहितीपत्रकात पहिला टप्पा 40 मेगावॅटचा आहे, म्हणजे सगळे स्वतः उभारायचे तर सुमारे 2,400 कोटी रुपये, आणि त्याच माहितीपत्रकानुसार कंपनीची गेल्या वर्षीची विक्री 600 कोटींची आहे. पूर्ण 150 मेगावॅटचा अंदाज हवा असेल तर आहेरवाडी-फताटेवाडीचा एनटीपीसीचा प्रकल्प डोळ्यांपुढे आणा. त्याची क्षमता 1,320 मेगावॅट आहे. म्हणजे हे एक संकुल त्याच्या एक-नवमांशाहून अधिक वीज मागणार. घरबांधणीत तीन पिढ्यांनी मिळवलेला अनुभव जमीन आणि परवानग्या मिळवण्यासाठी उपयोगी पडेल. इतकी वर्षे खर्च पुढे आणि वसुली मागे ठेवून चालण्याचा अनुभव मात्र या कुटुंबाला नाही.

मग 13 टक्के का दिले जात आहेत? एखाद्या मोठ्या क्लाउड कंपनीशी, म्हणजे इंटरनेटवरून संगणकसेवा भाड्याने देणाऱ्या कंपनीशी, दीर्घ मुदतीचा करार झाला असेल तर त्या भाड्याच्या भरवशावर बँका याहून बऱ्याच कमी दराने कर्ज देतात. पण खासगी विकासकाने जमीन खरेदी करण्यासाठी बँकांनी कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यामुळे जमिनीचा आणि सुरुवातीच्या कामांचा पैसा बिगर-बँक वित्त कंपन्या, खासगी फंड आणि तुमच्यासारखे गुंतवणूकदार यांच्याकडून उभा राहतो. तुमचे 50 लाख भाडेकरू येण्याआधीच्या, सगळ्यात अनिश्चित काळासाठी मागितले जात आहेत. 13 टक्के हा त्याचाच दर आहे आणि तो फार उदार आहे, असे मला वाटत नाही.

भाडेकरूविषयी माहितीपत्रकात ‘जागतिक कंपनीशी सामंजस्य करार’ एवढाच उल्लेख आहे. परदेशी खरेदीदाराच्या प्रतिनिधीने नमुने पाहून, टॉवेल हातात चोळून, ‘पुढच्या हंगामात चार कंटेनर घेऊ’ म्हणणे वेगळे आणि बँकेत एलसी, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी, उघडून येणे वेगळे, हे कारखान्याच्या हिशेबवहीवर बसलेल्या तुम्हाला मी सांगायला नको. सामंजस्य कराराला पहिल्या प्रकारात ठेवा. शिवाय सगळे संकुल एकाच भाडेकरूवर अवलंबून असेल तर त्याने बेत सहा महिने पुढे ढकलला तरी व्याजाचा मीटर चालूच राहतो.

आता ‘सुरक्षित’ या शब्दाकडे वळू, कारण तुमच्या पत्रात तो तीनदा आला आहे. डिबेंचर तारणयुक्त आहे, एवढ्याने भागत नाही. तारण कशाचे आणि त्यावर तुमचा हक्क कितवा, हे पाहावे लागते. अशा प्रकल्पांत संकुलासाठी वेगळी कंपनी काढली जाते. जमीन, इमारत आणि येणारे भाडे तिच्या नावावर असते आणि त्या सगळ्यावर बँकांचा पहिला बोजा चढतो. तुमचे डिबेंचर मूळ कंपनीचे आहेत. त्यामुळे प्रकल्पाच्या कंपनीने बँकांचे देणे भागवून जे उरेल आणि वर पाठवता येईल, त्यातूनच तुमची फेड होणार. तारण म्हणून त्या उपकंपनीचे शेअर गहाण ठेवलेले असतील तर प्रकल्प अडचणीत आल्यावर त्या शेअरची किंमतही त्याच वेळी घसरलेली असते. तारणयुक्त रोख्यांचा आपल्याकडचा अलीकडचा धडा डीएचएफएलचा आहे. ती घरकर्ज देणारी कंपनी होती, विकासक नव्हे. पण तीही एका कुटुंबाच्याच नियंत्रणात होती आणि तिचे रोखे उत्तम मानांकन घेऊन विकले गेले होते. 2019 मध्ये ती थकली, 2021 मध्ये पिरामल समूहाकडे गेली, आणि मोठी रक्कम गुंतवलेल्या अनेक रोखेधारकांना पूर्ण मुद्दल परत मिळाले नाही.

कुटुंबाच्या मालकीचे काही फायदे मी नाकारत नाही. निर्णय लवकर होतात, वडिलोपार्जित जमीन स्वस्तात पडलेली असते आणि नाव राखण्याची चाड असते. पण ती जमीन कोणाच्या नावावर आहे? कंपनीच्या नावावर, की काका-पुतण्यांच्या वैयक्तिक सातबाऱ्यावर? पाच वर्षांत वाटणी झाली तर देणे कोणाच्या वाट्याला जाईल? प्रवर्तकांची वैयक्तिक हमी आहे, असे वितरक सांगतात; ती नेमक्या कोणत्या व्यक्तींची आहे, हे पत्रात नाही. आणखी एक गैरसमज दूर करतो. ‘कंपनीचे सगळे प्रकल्प महारेरात नोंदलेले आहेत’ हे वितरकाचे वाक्य खरे असले तरी तुमच्या उपयोगाचे नाही. रेराचे संरक्षण घर घेणाऱ्याला आहे. कंपनीला कर्ज देणाऱ्याला नाही.

तुमच्या घरच्या हिशेबाकडे येतो. खर्च 45 हजार, भाडे 12 हजार, म्हणजे महिना 33 हजारांची, वर्षाला 3 लाख 96 हजारांची तूट भरून काढायची आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या 8.2 टक्के व्याज आहे, ते दर तिमाहीला हातात येते आणि खाते उघडतानाचा दर पाच वर्षे कायम राहतो. प्रत्येकी 30 लाखांची मर्यादा आहे आणि तुम्ही दोघेही पात्र आहात. तुमच्या नावे 30 आणि यजमानांच्या नावे 20 असे 50 लाख ठेवले तर वर्षाला 4 लाख 10 हजार मिळतात आणि तूट भरून निघते. याउलट 50 लाख डिबेंचरमध्ये गेले तर उरलेल्या 30 लाखांवर 2 लाख 46 हजार मिळतील आणि दरवर्षी सुमारे दीड लाख मुद्दलातून काढावे लागतील. पाच वर्षे ज्याचा एक रुपयाही हाती येणार नाही, असा रोखा तुमच्या संसाराला मुळातच बसत नाही, मग कंपनी कितीही चांगली असो.

कागदावर 13 टक्क्यांनी 50 लाखांचे पाच वर्षांत सुमारे 92 लाख होतात, हे चिरंजीवांचे गणित बरोबर आहे. अशा दहा वेगवेगळ्या कंपन्यांत पैसे विभागले आणि त्यांतली एखादी बुडाली तरी सरासरीने तुम्ही फायद्यातच राहाल, हेही मी मान्य करतो. पण तुमच्यापुढे दहा कंपन्या नाहीत, एकच आहे. ती अडली तर 66 व्या वर्षी ते पैसे पुन्हा कमावण्याचा मार्ग तुम्हा दोघांकडे नाही. कराचाही विचार करा. 42 लाखांचे व्याज एकाच वर्षाचे उत्पन्न म्हणून दाखवावे लागले तर त्याचा मोठा भाग 30 टक्क्यांच्या टप्प्यात जाईल. दरवर्षी जमा धरून दाखवले तर हाती न आलेल्या पैशाचा हिशेब विवरणपत्रात द्यावा लागेल. बचत योजनेचे व्याज आणि गाळ्याचे भाडे मिळून मात्र नव्या करप्रणालीत 12 लाखांच्या सवलतीच्या मर्यादेत तुम्ही दोघेही आरामात राहता.

एक गोष्ट पत्रात ओझरती आली आहे, पण ती मला डिबेंचरपेक्षाही तातडीची वाटते. सगळे 80 लाख सध्या एकाच नागरी सहकारी बँकेच्या बचत खात्यात आहेत. ठेव विम्याचे संरक्षण प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे 5 लाखांपर्यंतच आहे. बँकेच्या प्रकृतीविषयी मी काही सुचवत नाही. रक्कम मात्र या आठवड्यातच हलवा.

50 लाख बचत योजनेत गेल्यावर 10 लाख दोन-तीन मोठ्या बँकांत आजारपणासाठी आणि अडीअडचणीसाठी ठेवावेत. महागाईमुळे आजची 33 हजारांची तूट दहा वर्षांनी तेवढीच राहणार नाही, म्हणून 15 लाख इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या) आणि हायब्रीड फंडात (शेअर आणि रोखे दोन्ही घेणाऱ्या) दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने घालावेत. राहिलेल्या 5 लाखांत तुम्हाला या क्षेत्राची हौस भागवता येईल. त्यासाठी डिबेंचरच हवेत असेही नाही. रहेजा कुटुंबाच्या समूहाने उभा केलेला, 2020 पासून बाजारात नोंदलेला माइंडस्पेस हा रीट, म्हणजे इमारतींचे भाडे गुंतवणूकदारांत वाटणारा ट्रस्ट, आहे. ऐरोलीच्या त्याच्या संकुलात डेटा सेंटरच्या इमारती भाड्याने दिल्या आहेत. रीटला वाटपयोग्य रोकडीच्या किमान 90 टक्के रक्कम युनिटधारकांना द्यावी लागते आणि युनिट बाजारात विकता येतात. भाव खालीवर होतो, हे खरे. पण अडचण आली तर बाहेर पडायला दार असते.

तरीही डिबेंचरच घ्यायचे असतील तर वितरकाकडे पुढील गोष्टी लेखी मागाव्यात: तुमच्या नावाचे, अनुक्रमांक असलेले पीएएस-4 हे प्रस्तावपत्र, डिबेंचर विश्वस्ताचे, म्हणजे रोखेधारकांच्या वतीने तारण सांभाळणाऱ्या संस्थेचे, नाव आणि विश्वस्त करारातील तारणाचे कलम, तो बोजा कंपनी निबंधकाकडे नोंदल्याचा पुरावा, वीजपुरवठ्याचे मंजुरीपत्र (नुसता अर्ज नव्हे), भाडेकरूशी झालेला नोंदणीकृत करार, आणि मानांकन संस्थेचा पूर्ण अहवाल. खासगी विक्रीत एका आर्थिक वर्षात 200 पेक्षा अधिक व्यक्तींना प्रस्ताव देता येत नाही आणि जाहिरातही करता येत नाही. ‘व्हॉट्सॲपच्या गटात माहितीपत्रक आले’ असे तुम्ही लिहिता, तेवढ्यावरूनच मला शंका येते. पैसे तुमच्या स्वतःच्या खात्यातून थेट कंपनीच्या खात्यात जायला हवेत, वितरकाच्या खात्यात कधीही नाहीत. त्याला या विक्रीवर किती दलाली मिळते, हेही विचारा. विचारण्यात संकोच नसावा. किमान गुंतवणूक 10 लाखांची असेल, किंवा वरीलपैकी एकही कागद ‘नंतर देतो’ असे उत्तर आले, तर एक रुपयाही घालू नये.

नाही म्हटल्यास मुलाला वाईट वाटेल, असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. त्यांना हे उत्तर वाचायला द्या. त्यांचे वय 33 आहे, दरमहा पगार आहे. कागदपत्रे पाहून त्यांना प्रस्ताव पटत असेल तर त्यांनी स्वतःच्या बचतीतून, स्वतःच्या नावाने, बुडाली तरी घर डळमळणार नाही एवढी रक्कम गुंतवावी. त्याला माझी हरकत नाही.