गोलकीपरच्या आईसमोर मान वर होत नाही

ताई,
मी कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत राहतो. वय ४१, फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. आजोबांपासून आमचं घर तालमीच्या फुटबॉल संघामागं उभं आहे. यंदा सात सामने झाले. एक जिंकला, दोन बरोबरीत सुटले, चार हरलो, चारही एकाच गोलनं. त्यातले तीन गोल शेवटच्या पंधरा मिनिटांत बसले. कमिटीनं वर्गणीतला बहुतेक पैसा बाहेरच्या दोन फॉरवर्डवर घातला आणि ते लीगच्या तीन दिवस आधी आले. आता खालच्या गटात जायची वेळ आलीय. परवा कॉर्नरवर कीपरच्या हातातून बॉल निसटला आणि मॅच गेली. कीपर १९ वर्षांचा, आमच्याच गल्लीतला. मी गॅलरीतून त्याला आईवरून शिवी दिली. शेजारी माझा १० वर्षांचा मुलगा होता, त्यानंही तीच दिली. ती बाई रोज सकाळी डेअरीवर दिसते, माझी मान वर होत नाही. बायको म्हणते, सीझन असला की घरात भांडंसुद्धा हळू ठेवावं लागतं. स्टेडियमला जाणं सोडू का? की कमिटीला जाब विचारू?
– तालमीचा एक समर्थक

भाऊ,

कमिटीचा जाब आठ दिवस थांबेल. आधी त्या पोराच्या घरी जा.

संध्याकाळी जा. सामन्याच्या आदल्या दिवशी नको, आणि सरावाच्या मैदानावर चारचौघांत तर अजिबात नको. फोनवर मेसेज टाकून मोकळं होऊ नका. मुलाला सोबत न्या, कारण शिवी त्यानंही दिली आहे आणि ती त्याला तुमच्याकडून मिळाली आहे. उंबऱ्यात उभं राहून एवढंच म्हणा, ‘परवा मी गॅलरीतून तुझ्या आईवरून बोललो. चुकलं माझं.’ पुढे ‘पण’ येऊ द्यायचा नाही. ‘पण बॉल हातातलाच होता’ हे वाक्य तुमच्या जिभेवर येणार, ते गिळा. मग त्याच्या आईकडे वळा आणि तेच तिला सांगा. ती काही कडवट बोलली तर ऐकून घ्या, चहा दिला तर प्या, नाही दिला तर परत फिरा. हातात काही नेऊ नका. पेढ्याचा बॉक्स नेलात की माफीचा सौदा होतो.

तुम्ही म्हणाल, स्टेडियममध्ये हजारो लोक ओरडतात, त्यात माझा एक आवाज. मैदानातल्या दहा जणांच्या बाबतीत हे खरं आहे. ते सतत पळत असतात, त्यांच्या कानावर नुसता गोंगाट येतो. कीपरचं तसं नसतं. बॉल पलीकडच्या अर्ध्या मैदानात असला की तो मिनिटंच्या मिनिटं एका जागी उभा असतो आणि पाठीमागची गॅलरी त्याला सगळ्यात जवळ असते. त्याला आवाज वेगवेगळे ओळखू येतात. आणि लहानपणापासून गल्लीत ऐकलेला आवाज तर येतोच येतो.

आता तो निसटलेला बॉल. तुम्ही हाताने काम करणारे आहात, म्हणून विचारते, त्या पोराचे ग्लोव्हज कधी हातात घेऊन पाहिलेत? कीपरच्या ग्लोव्हजच्या तळव्याला लॅटेक्स असतं. ते कोरडं पडलं की बॉल धरत नाही, कडक झालं की त्याला बारीक भेगा जातात. सामन्याआधी तळवे पाण्याने ओलसर करावे लागतात, खेळून झाल्यावर कोमट पाण्यात साबणाशिवाय धुऊन सावलीत वाळवावे लागतात. आपल्याकडची पोरं ते घामेजलेले तसेच बॅगेत कोंबतात, नाहीतर उन्हात तारेवर टांगतात. दोन महिन्यांत तळवा पापडासारखा होतो. सरावाला आणि सामन्याला एकच जोडी वापरणारा कीपर मार्चपर्यंत गुळगुळीत रबर घालून खेळत असतो. त्या पोराचं असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण शिवी देण्याआधी एवढं तरी पाहायला हवं होतं.

माफीनंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. मग एक जोडी घेऊन द्यायची असेल तर जरूर द्या, पण संघामार्फत द्या, तुमचं नाव न घेता. माप असं घ्यायचं: अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी तळहात जिथं सगळ्यात रुंद असतो तिथं टेप गुंडाळा. इंचात जे येईल ते पुढच्या पूर्ण आकड्यावर न्या आणि त्यात एक मिळवा. पावणेआठ इंच आलं, तर आठ अधिक एक, म्हणजे नऊ नंबर. बोटांच्या टोकाशी अर्धा सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. घट्ट बसणारे ग्लोव्हज शिवणीवर उसवतात.

कॉर्नरवर गोल बसणं हा एकट्या कीपरचा दोष सहसा नसतो. मोठ्या लीगच्या आकडेवारीत शंभर कॉर्नरमागे जेमतेम तीन-चार गोल होतात. छोट्या संघावर ते वारंवार व्हायला लागले, तर समजायचं की कोण कुठं उभं राहणार हे ठरलेलंच नाही. जवळच्या खांबापाशी एक माणूस हवा. गोलसमोरच्या सहा यार्डांच्या छोट्या चौकटीच्या पुढच्या कडेला, डोक्याने खेळणारा एक हवा. कीपरसमोर मुद्दाम उभ्या राहणाऱ्या विरोधी खेळाडूला हटकायला एक हवा. आणि कीपरने बाहेर पडताना मोठ्याने ‘कीपर!’ म्हणायचं, ते ऐकू आलं की बाकीच्यांनी वाट मोकळी करायची. १९ वर्षांचं पोर तिशीतल्या सेंटर बॅकला, म्हणजे बचावाच्या मधल्या खेळाडूला, ओरडून ‘बाजूला हो’ म्हणेल का? आपल्या तालमींत वय पाहून बोलायची सवय आहे, तिथं हे शिकवावंच लागतं. वीस-वीस मिनिटांचे दोन सराव एवढंच याचं काम. खालच्या गटात जाणं टाळायचं असेल, तर उरलेल्या दिवसांत करण्याजोगी हीच एक गोष्ट आहे.

दम आता वाढणार नाही, ते विसरा. तुमच्याच पत्रातला आकडा पुन्हा वाचा: चारपैकी तीन पराभव शेवटच्या पंधरा मिनिटांत. असे सामने एप्रिलमध्ये जात नाहीत, ते पावसाळ्यातच गेलेले असतात. हंगाम संपला की पोरं पांगतात. कुणी एमआयडीसीत शिफ्टला जातं, कुणी गणपती मंडळाच्या कामात बुडतं. तीन-चार आठवडे अंग पूर्ण सोडलं तरी दम भराभर उतरतो, मग इथं तर महिनेच्या महिने जातात. दिवाळीनंतर खेळायचं असेल, तर निदान आठ आठवडे आधी सुरुवात हवी. मैदान चिखलात असेल तर रंकाळ्यावर पळा, शाळेच्या जिन्यावर चढा-उतरा करा.

त्यात ते दोन पाहुणे. तीन दिवसांत त्यांना सहकाऱ्यांची नावंसुद्धा पाठ झाली नसतील. बॉल गेला की मागे यायचं कुणी आणि पुढे अडवायचं कुणी, हे ठरायला आठवडे जातात. तोवर बचाव नऊच जण करतात आणि दोघं वर उभे राहून बॉलची वाट बघतात. दुपारी दोनच्या उन्हात नऊ जणांनी अकरांचं काम केलं, की शेवटच्या पावतासात पाय उचलत नाहीत. बाहेरचे खेळाडू आणूच नयेत असं माझं म्हणणं नाही. कोल्हापूरच्या मैदानावर ते वर्षानुवर्षं खेळत आलेत आणि त्यांच्याकडून आपली पोरं बरंच शिकलीत. पण तीन दिवस आधी आलेला फॉरवर्ड म्हणजे लग्नाच्या मांडवात ठरवलेला आचारी.

दैवाचा वाटाही धरा. फुटबॉलमध्ये साधारण दहा फटक्यांमागे एक गोल होतो. सात सामने ही फार लहान मोजणी आहे. चारपैकी दोन पराभव बरोबरीत सुटले असते, तर तुमचे पाचाचे सात गुण झाले असते आणि हे पत्र कदाचित आलंच नसतं.

कमिटीकडे जायचंच, पण ओरडायला नको. एकटे जाऊ नका आणि दहा जण घेऊनही जाऊ नका, तिघं पुरेत. त्यातला एक माजी खेळाडू असू द्या. तोंडी तक्रारीऐवजी एका पानावर चार प्रश्न लिहून न्या: वर्गणी किती जमली, पाहुण्या खेळाडूंवर किती गेली, सरावाच्या साहित्यावर किती गेली, पुढच्या वर्षी सराव कोणत्या तारखेला सुरू होणार. मंडळ नोंदणीकृत विश्वस्त संस्था असेल, तर हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करणं त्यांना बंधनकारक आहे. म्हणजे कागद असायलाच हवा, तुम्ही उपकार मागत नाही. मात्र धर्मादायचं नाव पहिल्याच बैठकीत काढू नका. ते काढलं की समोरची माणसं हिशेब बाजूला ठेवून तुमची मापं काढायला बसतील. आणि बैठक पराभवाच्या रात्री तर मुळीच नको, निदान चार दिवस मध्ये जाऊ द्या.

पुढच्या वर्षीची वर्गणी जूनमध्ये द्या, वस्तूच्या रूपात द्या आणि पावती घ्या. दोन रंगांच्या प्रत्येकी दहा बिब्स (सरावात दोन संघ वेगळे ओळखू यावेत म्हणून वरून घालायच्या बंड्या), मैदानावर खुणेला ठेवायचे वीस कोन, पाच नंबरचे सहा बॉल आणि एक हवेचा पंप. पंप लहान वाटतो, पण निम्म्या तालमींत बॉल मऊ पडलेले असतात आणि पोरं मऊ बॉलवर पास शिकतात. सरावाआधीच्या कसरतीसाठी ‘फिफा ११+’ हा ठरलेला क्रम आहे. वीस मिनिटं, पंधरा प्रकार: ८ मिनिटं हळू धावणं, १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, २ मिनिटं वेगात धावणं. आठवड्यातून निदान दोनदा केला, तर दुखापती लक्षणीय कमी होतात हे तपासून पाहिलेलं आहे. यातला एक प्रकार कुणी चुकवू देऊ नये: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने मागून घोटे धरायचे आणि पाठ ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. सुरुवातीला तीन ते पाच वेळा पुरे. मांडीचा मागचा स्नायू ‘धरतो’ म्हणून जी पोरं साठाव्या मिनिटाला लंगडत बाहेर येतात, त्यांच्यासाठी हे आहे. आणि बाटल्यांत नुसतं पाणी नको. एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. मीठ अंदाजपंचे घालू नका, जास्त झालं तर उलटी होते.

हे सगळं प्रशिक्षकाला टचलाइनवर जाऊन सांगू नका. तुमच्यासारखे चाळीस जण त्याला रोज गाठत असतात. कमिटीतल्या एका माणसाकडे एकदा बोला आणि विषय सोडा.

स्टेडियम सोडू नका, जागा सोडा. गोलामागची गॅलरी सोडून मध्यरेषेच्या समोर बसा. तिथून बचावाची रांग नीट दिसते, गोल कुठून सुरू झाला ते कळतं, आणि तुमचा आवाज कुठल्याही कीपरपर्यंत पोहोचत नाही. विरोधी समर्थकांच्या हुर्योला उत्तर द्यायचं नाही. हुल्लडबाजीपायी सामने थांबवायची वेळ या गावावर आलेली आहे आणि त्याचा फटका शेवटी खेळणाऱ्या पोरांनाच बसला. मुंबईत महिंद्रा युनायटेड राष्ट्रीय विजेता संघ होता, २०१० मध्ये तो बंद झाला. गोव्यातून साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. तुमची तालीम खालच्या गटात गेली तरी पेठेतच राहील, पुढच्या हंगामात पोरं पुन्हा तीच जर्सी घालतील. एवढा आधार त्या मोठ्या संघांच्या समर्थकांना नव्हता.

घरचं. सामना संपल्यावर मोटारसायकलवरून तडक घरी जाऊ नका. मुलाला घेऊन चालत या, वीस-पंचवीस मिनिटं. वाटेत खाऊ गल्लीतून तिघांपुरती भेळ बांधून घ्या. तालमीचा व्हॉट्सॲप ग्रुप सकाळपर्यंत म्यूट ठेवा, कारण रात्री अकराला तिथं टाकलेलं वाक्य सकाळी डेअरीवर तुमच्या आधी पोहोचतं. आणि बायकोला ‘आता शांत राहीन’ असं वचन देऊ नका, तिने ते आधी ऐकलेलं असणार. सामन्याच्या दिवशी रात्रीची भांडी तुम्ही घासा. आवाज किती करायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

राहिला मुलगा. ‘शिव्या देऊ नकोस’ असं तुमच्या तोंडून त्याला आता पटणार नाही. त्याला काम द्या. दोनशे पानी वही घ्या, पानावर चार रकाने आखा: मिनिट, गोल कसा झाला (कॉर्नर, फ्री किक, मधल्या फळीत बॉल गेला, पेनल्टी), त्या वेळी आपले किती जण बॉलच्या मागे होते, बदली कधी झाली. नोंद त्याने करायची, तुम्ही फक्त मोजून सांगायचं. पाच-सहा सामन्यांत कमिटीपुढे ठेवण्याजोगा कागद तयार होईल. बॉल चौकटीत आला की त्याचे डोळे वहीत आणि घड्याळात असतील, आणि मागे किती जण आहेत हे त्याला सांगायचं असल्यामुळे तुम्हालाही ओरडायच्या आधी मोजावं लागेल. पेन्सिल द्या. उन्हात घामाच्या हाताने पेनाची शाई फिसकटते.