वादळाआधी परसबाग: पंप खाली ठेवा, विळा आणि बांबू हातात घ्या

चार-पाच दिवसांपासून फोनवर एकच विषय चाललाय. यावलकडच्या एका ताईंनी विचारलं की घरामागे मोरीच्या पाण्यावर दोन केळी, एक पपई, एक शेवगा, गिलक्याचा (घोसाळ्याचा) मांडव आणि भरताच्या वांग्याची वीसेक झाडं आहेत, दोन दिवसांत वादळी पावसाचा इशारा आलाय आणि दुकानदार म्हणतो आधीच बुरशीनाशक, टॉनिक आणि थोडा युरिया देऊन झाडं मजबूत करून घ्या, तर नेमकं काय मारू. अमळनेरच्या दादांचंही तेच, फक्त त्यांच्याकडे लिंबू आणि वरती शेडनेट आहे.

दोघांना सांगतो, काहीच मारू नका. दोन दिवसांवर वादळ आहे तर युरिया बंद, टॉनिक बंद, फवारणी बंद. युरियाने झाड मजबूत होत नाही, लुसलुशीत होतं, कोवळा शेंडा वाढतो आणि पहिल्या झोताला तोच मोडतो, वर पाऊस आला की उरलेला युरिया वाहून जातो म्हणजे पैसेही गेले. मॅन्कोझेबसारखं बुरशीनाशक पानावर नुसतं बसलेलं असतं, तासाभरात सर आली की सगळं धुऊन मातीत. दुकानदाराला माल खपवायचाय, त्याला तुमची वांगी दिसत नाहीत. आणि कुणी मुळाशी टाकायला फोरेट हे दाणेदार कीटकनाशक देत असेल तर ते घेऊच नका, ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे आणि परसबागेत तर ज्या वाफ्यातून दुपारी तोडता तेच संध्याकाळी ताटात असतं.

आता काम. पहिलं पाणी तोडा. ४४ डिग्रीत झाडं सुकतील ही भीती सगळ्यांना वाटते पण आपली काळी जमीन वरून भेगाळलेली असली तरी वीतभर खाली ओल धरून असते, आदल्या दिवशी भरपूर पाणी दिलं की मुळाजवळची माती लोण्यासारखी होते आणि झाड मोडत नाही, मुळासकट आडवं होतं. मोरीवरची केळी सगळ्यात आधी पडते, मी दरवर्षी बघतो, कारण तिच्या बुडाशी दिवसभर चिखल असतो. ताई, आजच कुदळीने छोटी चारी काढून मोरीचं पाणी दुसरीकडे वळवा आणि केळीच्या बुडाला सुकी माती चढवा, वीतभर उंच, पायाने दाबून.

मग बांबूची कैची. केळीबागवाल्यांना हे सांगायला नको पण घरामागच्या केळीला कुणी टेकू देत नाही. दोन बांबू, खालची टोकं फाकवून दीड-दोन फूट जमिनीत, वरची टोकं घडाच्या जरा खाली एकमेकांवर फुलीसारखी, त्या फुलीत खोड बसवायचं. बांधायला नायलॉनची दोरी नको, हवेत झाड हललं की ती करवतीसारखी खोड कापते. केळीचंच सोपट (खोडाची सुकलेली साल) भिजवून घ्या किंवा जुन्या साडीची चार बोटं रुंद पट्टी, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फेरा, एक घर बांबूला एक घर खोडाला, मध्ये बोट जाईल इतकी सैल. वांग्याला आणि टोमॅटोलाही हीच पट्टी. मी हा साडीचा फेरा जिथे जातो तिथे स्वतः बांधून दाखवतो, फुकटात होतो आणि त्याने झाडं वाचलेली मी पाहिलीत, टॉनिकच्या बाटलीने वाचलेलं एकही झाड अजून पाहिलेलं नाही.

पपईची खालची पानं कमी करा पण खोडाला चिकटून ओढू नका, वीतभर देठ ठेवून कापा, तो नंतर आपोआप गळतो. वरची पानं राहू द्या, नाहीतर पावसानंतरच्या उन्हात फळं भाजतात. पपईच्या बुडाशी पाणी दोन दिवस थांबलं की मूळ सडलंच समजा, त्यामुळे तिच्याजवळून उताराकडे चर पाहिजेच.

शेवग्याचं लाकूड ठिसूळ. शेंगा संपल्या असतील तर मे मधली छाटणी आताच उरकून घ्या, साडेतीन-चार फुटांवर. फांद्या विजेच्या तारेजवळ असतील तर वायरमनला बोलवा, स्वतः कोयता चालवू नका. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा, तीही घरी होते. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही एकदम तिसऱ्या प्लास्टिकच्या बादलीत ओतत काठीने हलवा, लोखंडाचं भांडं चालत नाही. घासलेलं विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून बघा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. त्याच दिवशी वापरा.

दादा, शेडनेट उतरवून ठेवा. शेडनेट म्हणजे वाऱ्याला शीडच, नेट फाटतं ते परवडलं, ते आपल्याबरोबर खांब आणि खालची रोपं घेऊन जातं. उतरवणं होणारच नसेल तर चारही बाजू मोकळ्या सोडा. गिलक्या-दोडक्याच्या मांडवाचे खांब हलवून बघा, जो हलतो त्याला बाहेरून तिरपा टेकू. आणि आभाळ गडगडायला लागलं की तारेच्या मांडवाला हात लावायचा नाही, झाडाखाली थांबायचं नाही, राहिलेलं राहू द्या. मोबाईलवर दामिनी ॲप टाकून ठेवा, जवळ वीज पडायची शक्यता असली की सांगतं.

तयार माल आजच तोडा. लिंबं, रंग बदलायला लागलेली पपई, वांगी, टोमॅटो, झाडावरच्या कैऱ्या. गच्चीवरच्या कुंड्या खाली भिंतीच्या आडोशाला, आणि बिबडे-कुरडया वाळत असतील तर त्या आधी घरात, वादळ आलं की मोकळ्या गच्चीवर त्या उचलायला दोन मिनिटंही मिळत नाहीत.

वादळ गेल्यावर पुन्हा दुकानाची घाई करू नका, तिथे आता डबल डोसचा सल्ला तयार असतो. आधी साचलेलं पाणी काढा, कललेली झाडं त्याच दिवशी हळूच उभी करून माती दाबा. मोडलेली पपई तिरपी कापा आणि खोड आतून पोकळ असतं म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी बांधा, नाहीतर पाणी उतरून सडतं. पानं पूर्ण सुकली की मगच फवारणी, कॉपर ऑक्सिक्लोराईड १० लिटरला २५ ग्रॅम, पंचवीसच, पन्नास नाही, जास्त तांब्याने कोवळी पानं करपतात. गारपीट झाली तर लिंबाला हे नक्की मारा, जखमांतून खैऱ्या रोग शिरतो. त्याच पंपात युरिया, कीटकनाशक, टॉनिक असं काही मिसळायचं नाही. खत वाफसा आल्यावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी झाल्यावर, त्याआधी चिमूटभरही नाही.

योजनेचं विचारलंय बऱ्याच जणांनी, तर परसबागेला विमा नाही. शेतातल्या केळीचा फळपीक विमा काढला असेल तर नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवा, आडव्या पडलेल्या बागेचे फोटो काढल्याशिवाय साफसफाई करू नका. परसबागेच्या बियाण्यासाठी बचत गटातल्या ताईंनी उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) प्रतिनिधीला विचारावं.

ताई, एक राहिलं. तुमच्या केळीचा घड किती भरलाय ते लिहिलं नाही. फळाच्या धारा जाऊन गोलाई आली असेल तर टेकू-बिकू सोडा, उद्या सकाळी घड उतरवून घ्या आणि घरात गोणपाटावर पिकायला ठेवा.