प्रशिक्षणाला निघालेल्या नव्या बाईंसाठी

शाळेतल्या मुलांच्या मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणाला निघालीस, तर लक्षणांची यादी पाठ करत बसू नकोस, ती पुस्तकात मिळते. प्रशिक्षणात ऐकण्याचा सराव मागून घे: दोघींनी समोरासमोर बसायचं, एकीने मूल व्हायचं. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहणं किती जड जातं, ते तिथंच कळेल. चवथीच्या सुट्टीनंतर डबा न उघडता परत नेणारी मुलगी हजेरीपटात दिसत नाही गं, ती आपल्यालाच दिसायला हवी.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र कधीच देऊ नकोस. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराचं काही कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो (बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. निदान करणं आपलं काम नव्हे. त्यासाठी समुपदेशक आहेत, गोव्यात बांबोळीला आयपीएचबी हे मानसोपचार रुग्णालय आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो. तो नंबर मुलांच्या डायरीत पहिल्याच आठवड्यात लिहून घे.