बीकॉमनंतर अम्युझमेंट पार्क कंपनीत काय काम असतं?

सातपूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी टीवायबीकॉमला आहे, तिला अम्युझमेंट पार्कच्या कंपनीत करिअर करायचंय, आणि घरात सगळे म्हणतायत की तिकीटं फाडायला एवढं शिकवलं का.

दादा, तिला अडवू नका. बीकॉमच्या मुलीला इथे भरपूर काम आहे, फक्त पैसा कुठून येतो ते तिला आधी कळायला हवं.

पुढच्या वेळी शिर्डीला जाल तेव्हा तिथल्या वॉटर पार्कला तिला घेऊन जा आणि दिवसभरात तुमच्या खिशातून काय काय गेलं ते मोबाईलवर टिपायला सांगा, म्हणजे तिकीट, मग लॉकर, भाड्याचा कॉस्च्युम, दुपारचं जेवण, संध्याकाळी निघताना पोरांनी हट्टाने घेतलेलं खेळणं. वंडरलासारख्या पार्क चालवणाऱ्या कंपनीत ढोबळमानाने 70 टक्क्यांच्या आसपास पैसा तिकिटातून येतो आणि बाकीचा बहुतेक खाण्यातून, दुकानांतून, रिसॉर्टमधून. तिकिटाचा रेट शाळेच्या ग्रुपला वेगळा, वीकएंडला वेगळा, हे रेट ठरवायला माणसं लागतात आणि ते कॉमर्सवाल्यांचंच काम आहे.

आता ठिकाणाचं बघा. वंडरलाचे कोची, बंगळुरू, हैदराबाद, 2024 पासून भुवनेश्वर असे वेगवेगळ्या राज्यांत पार्क आहेत, त्यामुळे एका ठिकाणी पाऊस झोडपत असला तरी दुसरीकडे गर्दी असू शकते, आणि तरीही वर्षाची मोठी कमाई एप्रिल ते जून या सुट्टीतच. डिस्नीचं तर अजून भारी, टोकियोचं डिस्नीलँड 1983 पासून चालू आहे पण त्याची मालक ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी, डिस्नीला तिथून रॉयल्टी मिळते, म्हणजे नाव आणि पात्रं वापरू दिल्याचा मोबदला. कॅलिफोर्निया-फ्लोरिडात मात्र पार्क स्वतःचे, म्हणजे तिकिटाचा पैसाही डिस्नीचा आणि खर्चही. एकच मिकी, पण हिशेब दोन तऱ्हेचे! मला तर हा प्रकार अकाउंट्सच्या कुठल्याही धड्यापेक्षा जास्त शिकवणारा वाटतो.

सीझन पासचंही तसंच, पैसे आज आले तरी सगळे आजचं उत्पन्न म्हणून धरता येत नाहीत, सीझनभर वाटून दाखवावे लागतात. तिने हे डिफर्ड इन्कम म्हणून परीक्षेपुरतं वाचलं असेल, इथे ते रोजचं काम आहे.

बेटा, आता तुझ्यासाठी. इमॅजिका आणि वंडरला दोन्ही शेअर बाजारात आहेत, त्यांचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. त्यात रेव्हेन्यू फ्रॉम ऑपरेशन्सची नोट उघड, तिकीट किती, खाणं किती, बाकी किती ते तीन वर्षांचं एक्सेलमध्ये मांड, आणि इंटर्नशिपच्या मेलला तीच शीट जोड. एक्सेल पक्कं कर, सीएमएचा, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या कोर्सचा विचार कर. ऑपरेशन्सला, म्हणजे रोजचा पार्क चालवण्याच्या कामाला जायचं असेल तर शनिवार-रविवार आणि दिवाळीच्या सुट्टीत ड्युटी असणारच, हे आत्ताच घरी स्पष्ट सांगून टाक.