मार्च-एप्रिलमध्ये पुण्याच्या पाषाण तलावावर फिरताना काय बघायला मिळेल?

थंडीतली पाहुणी बदकं तोवर बहुतेक गेलेली असतात. पण खरी मजा आता वंचक नावाच्या पक्ष्यात आहे (कोणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, ते सोडा). एरवी चिखलात मिसळून जाणारा हा मातकट बगळा विणीचा काळ जवळ आला की पाठीवर गडद किरमिजी पिसं मिरवतो. गायबगळ्याचं डोकंही केशरी होतं. हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी बारमाही. तांबट पक्ष्याचं 'टुक्-टुक्' ऐकू आलं तर वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक शोधा. घरटं तो स्वतः कोरतो. उजाडताच जा, नऊनंतर ऊन चटके देतं. दुर्बीण 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 42 मिमीचं) घ्या.